पाणी लहान होत नाही

इंग्रजी अंमलात बेळगावच्या छावणीला लागणारा माल गलबतांतून वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांतून वर चढे. या मुलखाचा समुद्राशी संबंध असलाच तर तो असा, जकातनाक्यावरून आणि गाडीवानांच्या तोंडून आलेला. अशा घाटमाथ्यावरच्या, उसाच्या आणि तंबाखूच्या प्रदेशातील वाचकापुढे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश पाणबुड्यांच्या, रेडिओने चालणाऱ्या मोठ्या प्रतिकृतींचा विषय मांडणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु अशा प्रतिकृतीला समुद्र लागत नाही. तिला लागते ते नितळ गोडे पाणी, साचा काढणारा सराईत हात, सफाईने चालणारा लेथ आणि वजनाचा चोख हिशेब; आणि या चारही गोष्टी बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात समुद्रकाठच्या कोणत्याही गावाइतक्याच, किंबहुना काकणभर अधिकच, उपलब्ध आहेत.

प्रतिकृती करण्याचा छंदही इथे परका नाही. दिवाळी आली की बेळगावच्या गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात, आणि त्यांतले कित्येक केवळ पोरखेळ नसून नकाशे पाहून, तटबुरुजांची संख्या पडताळून, प्रसंगी मूळ गडावर जाऊन केलेली अभ्यासपूर्ण कामे असतात. पण किल्ल्याच्या कारागिराला एक सवलत असते, जी पाणबुडीच्या कारागिराला मिळत नाही: राजगड लहान करताना तो भोवतालचा डोंगरही आपल्याच हाताने लहान करतो. पाणबुडीचे तसे नाही. बोट ४८ पटींनी लहान करता येते, तिच्यावरची तोफ, शिडी आणि कठडाही त्याच प्रमाणात घडवता येतो. मात्र ज्या पाण्यात तिला बुडी मारायची ते पाणी, त्याची घनता, त्याचा पृष्ठताण, त्यावरची हवा आणि गुरुत्वाकर्षण हे सारे मूळचेच राहते. म्हणून जो केवळ नक्कल करतो त्याची बोट दिवाणखान्यात शोभते आणि हौदात बुडते. तिला बुडवून पुन्हा वर आणायचे असेल तर मूळ आराखडा काढणाऱ्या अभियंत्याने जो विचार केला, तोच विचार लहान मापात आरंभापासून पुन्हा करावा लागतो. या प्रकरणाचा सारा आशय हाच आहे.

प्रथम मूळ बोटींविषयी. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आरमाराच्या पाणबुडीदलाचा भार मुख्यतः तीन वर्गांच्या बोटींनी वाहिला. 'टी' वर्गाच्या ५३, 'एस' वर्गाच्या ६२ आणि आकाराने सर्वांत लहान अशा 'यू' वर्गाच्या ४९ बोटी बांधल्या गेल्या. 'टी' वर्गाची बोट सुमारे ८४ मीटर लांब, पाण्याखाली असताना साधारण १,६०० टन वजनाचे पाणी बाजूला सारणारी. 'एस' वर्गाच्या युद्धकालीन बोटी ६६ मीटरांच्या. उत्तर समुद्र आणि भूमध्य समुद्र ही त्यांची मुख्य रणांगणे असली तरी त्या आपल्या दाराशीही आल्या होत्या. सिंहलद्वीपातील त्रिंकोमालीच्या बंदरातून निघून त्या मलाक्काच्या सामुद्रधुनीत गस्त घालीत. १३ नोव्हेंबर १९४३ रोजी 'टॉरस'ने पेनांगजवळ 'आय-३४' ही जपानी पाणबुडी बुडविली, आणि ११ जानेवारी १९४४ रोजी त्याच परिसरात 'टॅली-हो'ने 'कुमा' या जपानी क्रूझरला जलसमाधी दिली. 'स्टॉर्म' या 'एस' वर्गाच्या बोटीचा कप्तान एडवर्ड यंग हा तर मुळात पुस्तकांच्या धंद्यातला मनुष्य. पेंग्विन प्रकाशनाचे जगप्रसिद्ध पक्ष्याचे बोधचिन्ह १९३५ मध्ये त्यानेच रेखाटले होते, आणि राखीव दलातून येऊन पाणबुडीचे कप्तानपद मिळवणाऱ्यांत तो अग्रणी होता.

प्रतिकृतीचा खरा आरंभ कारखान्यात नव्हे, दप्तरात होतो. यांतल्या बहुतेक बोटी युद्धात तरी बुडाल्या किंवा युद्ध संपल्यावर भंगारात तरी गेल्या. इंग्लंडात गॉस्पोर्टच्या पाणबुडी संग्रहालयात 'अलायन्स' ही त्या परंपरेतील एकच पूर्ण आकाराची बोट उरली आहे, आणि तिच्यातही एक मेख आहे: ती युद्धकाळात आखली गेली खरी, पण आरमारात दाखल झाली १९४७ मध्ये, आणि पुढे तिची पुनर्बांधणी होऊन मनोरा व बाह्यांग पार पालटून गेले. तिची मापे घेऊन १९४४ ची बोट करू जाणारा मनुष्य एका काळचे धड आणि दुसऱ्या काळचे डोके जोडून बसतो. म्हणून मूळ आराखड्यांचा आधार घ्यावा लागतो. ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे आरमारी जहाजांच्या नकाशांचा प्रचंड साठा आहे आणि त्याच्या नकला मागवता येतात. त्यातही बांधकामाआधीचा मंजूर नकाशा आणि बोट पुरी झाल्यावर प्रत्यक्षात जसे बसवले तसे दाखवणारा नकाशा यांत फरक असतो. हा दुसरा मिळाला तरच निम्मे काम झाले असे समजावे.

निम्मे अशासाठी, की युद्धकाळात बोट एका रूपात फार दिवस राहत नसे. 'टी' वर्गाच्या पहिल्या बोटींना मध्यभागी बाहेरच्या बाजूस असलेल्या पाणतीरांच्या दोन नळ्या पुढे तोंड करून होत्या. नंतरच्या बोटींत त्याच नळ्या मागे तोंड करून बसवल्या गेल्या. मनोऱ्याच्या मागे २० मिलिमीटरची विमानवेधी तोफ आली, तिच्यासाठी गोल सज्जा आला, रडारची काठी आली; भूमध्य समुद्रातल्या बोटींना गडद निळा रंग चढला. तेव्हा 'मला टॅली-हो करायची आहे' असे म्हणणे पुरेसे नाही. ती कोणत्या वर्षाची, कोणत्या गस्तीवरून परतलेली, हे ठरवून मग छायाचित्रांचा धांडोळा घ्यावा लागतो, आणि प्रत्येक छायाचित्राच्या तारखेची खातरजमा करावी लागते. जमिनीचा सातबारा पाहणारा वकील जसा प्रत्येक फेरफाराची नोंद मागतो, तसेच हे काम आहे.

बोट ठरली की प्रमाण ठरवायचे, आणि इथे गणित आपला पहिला दंडक दाखवते. 'टी' वर्गाची बोट १:७२ प्रमाणात केली तर लांबी सुमारे १.१७ मीटर भरते आणि बुडालेल्या स्थितीतले वजन, आत शिरलेल्या पाण्यासकट, ४.३ किलो. १:४८ घेतले तर लांबी १.७५ मीटर, वजन साडेचौदा किलो. १:२४ घेतले तर लांबी साडेतीन मीटर होते, पण वजन मात्र ११६ किलोंवर जाते. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते, कारण वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढते. मोठी बोट पाण्यात अधिक भारदस्त चालते, आत यंत्रसामग्रीला जागा मिळते, तोल धरणे सोपे जाते. म्हणून छंदिष्टांचा ओढा मोठ्या प्रमाणाकडे असतो. परंतु जी बोट पाण्यापर्यंत न्यायला टेम्पो आणि चार माणसे लागतील ती वर्षातून कितीदा पाण्यात उतरेल, याचा विचार आधीच केलेला बरा.

वेगाचा नियम वेगळा. इंग्लंडात टॉर्की येथे १८७२ च्या सुमारास विल्यम फ्रूडने लांब हौद बांधून जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि दाखवून दिले की लाटांचे रूप मूळ जहाजासारखे दिसायचे असेल तर प्रतिकृतीचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो. हा नियम आपल्याकडेही रोजच्या कामाचा आहे. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने स्थापन केलेल्या आणि आज पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या सांडव्यांच्या आणि बंदरांच्या ज्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी खेळवतात, त्यांचे मोजमाप याच नियमाने होते. ४८ चे वर्गमूळ सुमारे ६.९. पृष्ठभागावर १५ नॉट वेगाने जाणारी 'टी' बोट १:४८ प्रमाणात सेकंदाला १.१ मीटर, म्हणजे काठावरून चालणाऱ्या माणसाच्या चालीने गेली, की तिच्या नाळेपाशी फुटणारी लाट छायाचित्रातल्या लाटेशी जुळते. याच हिशेबाने काळही आखडतो: मूळ बोट ३५ सेकंदांत पाण्याखाली जात असेल तर प्रतिकृतीने ५ सेकंदांत गेले पाहिजे.

जिथे नियम लागू पडत नाही, तिथे खरी कसोटी. 'टी' वर्गाच्या बोटींची आखीव खोली ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर. १:४८ प्रमाणात ती १.९ मीटर होते. दोन मीटर पाण्याच्या शेततळ्यात तळाशी टेकलेली प्रतिकृती दिसायला आपल्या मूळ बोटीच्या अंतिम खोलीवर पोहोचलेली असते, पण तिथे मूळ बोटीवर वातावरणाच्या नऊपट अधिक दाब होता आणि प्रतिकृतीवर तो एक-पंचमांश देखील नाही. दाबाच्या बाबतीत ही सवलत मिळाली, तर पृष्ठताणाच्या बाबतीत ती व्याजासह वसूल होते. ब्रिटिश पाणबुडीच्या वरच्या हलक्या आवरणाला दोन्ही बाजूंनी खाचांच्या रांगा असतात. बुडताना त्यांतून हवा निघते, वर येताना पाणी ओसरते. मूळची २० सेंटिमीटरची खाच १:४८ मध्ये ४ मिलिमीटर होते, आणि तेवढ्या फटीत पाण्याचा पडदा धरून बसतो. परिणामी बुडताना आवरणाखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि वर येताना पाणी. म्हणून जाणकार आवरणाच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागात आणखी मोठी भोके पाडतात. बाह्यरूपाशी इमान राखायचे आणि पाण्याचीही मर्जी राखायची, तर असे छुपे तडजोडनामे लिहावेच लागतात.

पाणबुडीच्या अंतर्रचनेतील मूळ तत्त्व म्हणजे दोन कवचे. आतले दाबकवच गोल आणि मजबूत. त्यात माणसे व यंत्रे. 'टी' आणि 'एस' वर्गांत त्याच्या दोन्ही अंगांना खोगिरासारख्या भारटाक्या बसवलेल्या असत. फेब्रुवारी १९४४ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत 'टॅली-हो' एका जपानी युद्धनौकेला घासली आणि त्या नौकेच्या पंख्याने हिच्या डाव्या टाक्या एकापुढे एक चिरत नेल्या. तरीही दाबकवच शाबूत राहिल्यामुळे ती त्रिंकोमालीस परतली. प्रतिकृतीतही हीच व्यवस्था धरतात. बाहेरचे कवच फायबरचे, आत पाणी मोकळे खेळणारे. आणि त्याच्या पोटात एक बंद पारदर्शक नळकांडे, ज्यात बॅटरी, मोटर, सर्व्हो आणि रिसीव्हर कोरडे राहतात.

या कामात बेळगावची कारागिरी उपयोगी पडते. लाकडी पॅटर्नवरून साचा घेणे हे इथल्या फाउंड्रीतल्या पॅटर्नमेकरचे रोजचे काम. तेच कौशल्य वापरून बोटीच्या दोन अर्ध्या भागांचा लाकडी नमुना घडवावा, पुट्टी भरून पॉलिश पेपरने घासावा, मेण चोळावे, वर रेझिन व मॅटचे थर देऊन साचा काढावा आणि त्या साच्यात कवच ओतावे. गणपतीच्या मूर्तीचे साचे करणारे कारागीर हीच रीत जाणतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांत हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह तयार होत असल्याने ओ-रिंग आणि शाफ्टचे सील हवे त्या मापाचे मिळतात, आणि नळकांड्याच्या झाकणाला ओ-रिंगची खाच नेमक्या खोलीची कापून देणारा टर्नरही. ही खाच अर्ध्या मिलिमीटरने चुकली तर सर्व शोभा व्यर्थ. झाकण बसवल्यावर नळकांड्यात हाताने हलका दाब भरून ते पाण्यात धरावे. एकही बुडबुडा न येता काही काळ गेला तरच पुढे जावे.

बुडण्याच्या पद्धती मुख्यतः चार. पहिलीत टाकीच नसते: बोट पाण्यापेक्षा किंचित हलकी ठेवतात आणि वेग घेऊन आडव्या सुकाण्यांच्या बळावर खाली ढकलतात; मोटर थांबली की ती आपोआप वर येते. दुसरीत दट्ट्याची टाकी, इंजेक्शनच्या पिचकारीसारखी, पाणी मोजून ओढते आणि मोजून टाकते. तिसरीत पंपाने रबरी पिशवीत पाणी भरतात. चौथीत मूळ बोटीसारखेच टाकी खालून उघडी ठेवून वर येताना साठवलेल्या वायूने पाणी हाकलतात. नवशिक्याने पहिलीपासून सुरुवात करावी. दट्ट्याची टाकी मात्र सर्वांत शिस्तीची, कारण तिच्यात पाण्याचा थेंबन् थेंब मोजता येतो.

आणि शेवटी सारे येऊन ठेपते ते वजनाच्या जमाखर्चावर. पाण्याखालची बोट ना जड ना हलकी अशी हवी. आर्किमिडीजचा नियम तिथे कसलीही सवलत देत नाही. मूळ पाणबुड्यांवर दर दिवशी हा हिशेब मांडला जाई: किती पाणतीर सोडले, किती अन्न संपले, किती गोडे पाणी खर्च झाले. त्यातली एक नोंद तर चमत्कारिक. ज्या टाक्यांत जळालेल्या तेलाची जागा समुद्राचे पाणी घेते, तिथे पाणी तेलापेक्षा जड असल्याने इंधन खर्च होईल तशी बोट हलकी न होता जड होत जाते.

या हिशेबाने एका बोटीचा घात कसा झाला ते सांगण्यासारखे आहे. १ जून १९३९ रोजी 'थेटिस' ही 'टी' वर्गाची नवी बोट लिव्हरपूलच्या उपसागरात बुडी मारण्याच्या चाचणीसाठी गेली. आत १०३ माणसे होती. टाक्या भरूनही बोट बुडेना. हिशेबापेक्षा ती हलकी भरत होती. पुढच्या पाणतीरांच्या नळ्यांत ठरल्याप्रमाणे पाणी आहे की नाही हे पाहण्यासाठी त्या एकेक करून तपासल्या गेल्या. प्रत्येक नळीच्या मागच्या दाराला एक लहान तोटी असे. नळी बाहेरून समुद्राला उघडी असेल तर त्या तोटीतून पाणी यावे. पाचव्या नळीच्या तोटीतून काहीच आले नाही, कारण तिचे भोक आतून लावलेल्या रंगाने बुजलेले होते. आणि नळीचे बाहेरचे झाकण उघडे होते. मागचे दार उघडताच समुद्र आत आला. ९९ माणसे गेली, केवळ चौघे वाचले. तीच बोट पुढे वर काढून 'थंडरबोल्ट' नावाने युद्धात उतरवली गेली आणि मार्च १९४३ मध्ये भूमध्य समुद्रात गमावली. बोट हिशेबाबाहेर हलकी किंवा जड भरली, की ती आपल्याला काहीतरी सांगत असते. आणि ते समजून घेण्यासाठी आपण ज्या साधनावर विसंबतो तेच बुजलेले नाही ना, हे प्रथम पाहावे. प्रतिकृतीच्या कारागिराने हे दोन्ही धडे गिरवावेत, विशेषतः रंगकाम झाल्यावर.

तोल साधण्याचे काम घराच्या सिमेंटच्या हौदात होते. शिशाचे तुकडे तळकण्यालगत ठेवायचे, म्हणजे गुरुत्वमध्य प्लावनमध्याच्या खाली राहतो. पृष्ठभागावरच्या नौकेला रुंदीचाही आधार असतो, पण बुडालेल्या बोटीला एवढाच आधार. तो नसला तर ती अर्धी बुडत असतानाच कुशीवर वळते. प्रथम टाकी पूर्ण भरून, मनोऱ्याचे टोक तेवढे पाण्यावर राहील इतपत शिसे घालावे. मग पुढचे-मागचे तुकडे बोटभर सरकवून बोट आडवी समतल करावी. यात पाण्याचे तपमानही लुडबुड करते. २५ अंशांचे पाणी ३० अंशांवर गेले की १० लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या बोटीचा आधार सुमारे १४ ग्रॅमने घटतो. सकाळच्या गारव्यात नेमकी तरंगती ठेवलेली बोट दुपारच्या उन्हात तळ गाठते ती यामुळे. म्हणून थोडा हलकेपणा राखीव ठेवणे हेच शहाणपण.

रेडिओचाही पाण्यापुढे निभाव लागत नाही. आजकालच्या खेळण्यांत व ड्रोनमध्ये वापरतात त्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात काही इंचांतच विरतात. जुन्या २७ किंवा ४० मेगाहर्ट्‌झच्या लहरी गोड्या पाण्यात मीटर-दोन मीटर पोहोचतात, खाऱ्या पाण्यात त्याही नाहीत. खऱ्या पाणबुड्यांशी बोलण्यासाठी म्हणूनच अतिदीर्घ लहरी लागतात: इंग्लंडातील रग्बीचे केंद्र १९२६ पासून १६ किलोहर्ट्‌झवर प्रक्षेपण करीत असे, आणि आपल्या नौदलाचे असेच केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ 'आय. एन. एस. कट्टबोम्मन' या नावाने उभे आहे. घाटमाथ्यावरचे गोडे पाणी म्हणजे छंदिष्टाच्या दृष्टीने समुद्राहून मोठी सोय. तरीही संकेत तुटताच टाकी आपोआप रिकामी करून बोटीला वर आणणारी योजना नळकांड्यात असलीच पाहिजे.

पाणी कोठले निवडावे? राकसकोपचा जलाशय बेळगावला आणि जवाहर तलाव निपाणीला पिण्याचे पाणी पुरवतो. तिथे कोणतीही बोट उतरवू नये. पावसाळ्यात नद्या-ओढे गढूळ असतात. सर्वांत उत्तम म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचे, प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे, मालकाच्या परवानगीने आणि दिवाळीनंतर पाणी निवळल्यावर: खोली ठाऊक, तळ साफ, शेवाळ कमी. मात्र त्या प्लॅस्टिकवरून पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, म्हणून काठाला गाठी मारलेला दोर बांधल्याखेरीज आणि सोबत दुसरा माणूस असल्याखेरीज पाण्याजवळ जाऊ नये. पहिल्या बुड्यांच्या वेळी बोटीला मासेमारीची तंगूस आणि तरंगता ठोकळा बांधलेला असावा.

पहिलीच बोट करणाऱ्याला माझी शिफारस 'स्टॉर्म'ची, १:४८ प्रमाणात. लांबी सुमारे १.३८ मीटर, बुडालेले वजन ९ किलोंच्या आसपास. पाणी ओतून दिल्यावर तर त्याहूनही कमी, म्हणजे मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस ती मांडीवर आडवी धरून नेऊ शकेल. आणि आरंभापासून एक वही ठेवावी: प्रत्येक बुडीची तारीख, पाण्याचे तपमान, घातलेल्या शिशाचे वजन व जागा, दट्ट्याने ओढलेले पाणी, आणि बोट अपेक्षेहून किती जड वा हलकी भरली तो फरक. कवच कितीही देखणे उतरले तरी पुढची बोट सुधारते ती या वहीतल्या शेवटच्या रकान्यावरून.